तळ्यात की मळ्यात? ‘उभयलिंगी’ हा शब्द आणि ‘कोबाल्ट ब्लू’चे वाचन

१. विषयप्रवेश

दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्ण पुरम, ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि कार्यालये यांची मोठी वसाहत. तिथल्या ‘पश्चिमी खंड ७’ या इमारतीचा पत्ता भारतीय भाषांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचा हा पत्ता. १९६१ साली स्थापन झालेला हा आयोग इंग्रजीतील पारिभाषिक संज्ञांसाठी हिंदी आणि इतर भारतीय भाषांत प्रतिशब्द ठरवतो. महाराष्ट्रात असे परिभाषेचे काम भाषा संचालनालय करीत आले आहे. शक्य तिथे संस्कृत धातूंपासून शब्द घडवावा, म्हणजे तो अनेक भारतीय भाषांत चालेल, असे या कामामागचे एक सूत्र आहे. त्यामुळे एकच शब्द हिंदीत, मराठीत, गुजरातीत फिरताना दिसतो.

भौतिकशास्त्रातला एखादा प्रतिशब्द अवघड किंवा गैरसोयीचा निघाला तर फार बिघडत नाही. त्याच्याबरोबर व्याख्या येते, आकृती येते, शिक्षक असतात. माणसाला लावायच्या शब्दाचे तसे नाही. तो व्याख्या मागे टाकून वर्तमानपत्रात, घरात, वसतिगृहात जातो. तिथे त्याचा अर्थ शब्दाच्या घडणीवरून लावला जातो. ‘बायसेक्शुअल’साठी रूढ झालेला ‘उभयलिंगी’ हा असा एक शब्द आहे. तो नेमका कोणी आणि कुठे घडवला हा आपला प्रश्न नाही. तो आज काय करतो, हा आहे.

या पाठात आपण आधी या शब्दाची चिकित्सा करू. नंतर सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी वाचताना या विषयीचे गैरसमज वाचकाच्या मनात कसे काम करतात ते पाहू. पाठाचे प्रतिपादन थोडक्यात असे : उभयलैंगिकतेविषयीचे गैरसमज केवळ माहितीच्या अभावातून येत नाहीत. ते वाचनाच्या एका सवयीतून येतात. माणसाचे शेवटचे किंवा समोर दिसणारे नाते पाहून त्याचा संपूर्ण कल ठरवायचा, ही ती सवय. साहित्याचा अभ्यास करणाऱ्याने ती आधी स्वतःत ओळखली पाहिजे.

२. शब्दाची चिकित्सा

शालेय विज्ञानात आपण शिकतो की जास्वंदीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, म्हणून ते उभयलिंगी फूल. पपईची फुले सामान्यतः एकलिंगी. गांडुळाच्या एकाच शरीरात दोन्ही प्रजननसंस्था असतात, म्हणून गांडूळ उभयलिंगी. इथे शब्द अचूक आहे. ‘ज्याला उभय लिंगे आहेत तो’ असा हा बहुव्रीही समास आहे आणि तो एका शरीराचे वर्णन करतो.

आता ‘समलिंगी’ पाहा. सम म्हणजे समान. समान असण्यासाठी किमान दोघे लागतात. ‘समलिंगी संबंध’ म्हणताच दोन व्यक्ती आणि त्यांच्यातील नाते डोळ्यांसमोर येते. ‘भिन्नलिंगी’चेही तसेच, कारण भिन्न म्हणजे कोणापासून तरी भिन्न. हे दोन्ही शब्द नात्याचे शब्द आहेत. त्यांच्याच साच्यात ‘उभयलिंगी’ घातला की तो त्या पंक्तीत बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाही. त्यात दुसऱ्या व्यक्तीला जागाच नाही. पुरुषांविषयी आणि स्त्रियांविषयी, किंवा एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी, ओढ वाटू शकणारा माणूस असे सांगायचे असते. शब्द सांगतो दोन लिंगे असलेले शरीर.

परिणाम आपल्या पाहण्यातला आहे. बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स या तीन वेगळ्या गोष्टी मराठी लेखनात अनेकदा एकमेकींत मिसळतात. या तिन्हींतील भेद साधा आहे. इंटरसेक्स हा शरीररचनेचा प्रश्न आहे : जन्मतः गुणसूत्रे, ग्रंथी किंवा अवयव स्त्री-पुरुष या ठरावीक वर्णनात न बसणे. ट्रान्सजेंडर हा लिंगभावाचा प्रश्न आहे : जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांत अंतर असणे. बायसेक्शुअल हा लैंगिक कलाचा प्रश्न आहे : ओढ कोणाविषयी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढले. एक निकाल मुख्यतः लिंगओळखीचा, दुसरा मुख्यतः लैंगिक कलाचा. एकाच शब्दाने दोन्हींचे काम भागवले तर हे निकालही नीट वाचता येत नाहीत.

‘समलैंगिक’च्या धर्तीवर ‘उभयलैंगिक’ हा शब्द वापरला तर बरेचसे काम होते. ‘लैंगिक’ हे विशेषण शरीरापेक्षा लैंगिकतेकडे बोट दाखवते. ‘उभय’मध्ये ‘फक्त दोनच’ ही अडचण उरते, पण ती बायसेक्शुअलमधल्या ‘बाय’लाही आहेच, आणि तो शब्द वापरणारे अनेक जण ‘एकाहून अधिक’ असा त्याचा अर्थ घेतात. या पाठात यापुढे आपण ‘उभयलैंगिक’ वापरू.

येथे एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘समपथिक’. या नावात ‘सम’ ठेवला आहे, ‘लिंग’ गाळले आहे आणि त्या जागी वाट चालणारा माणूस आणला आहे. ज्यांच्याविषयी शब्द असतो त्यांनी तो स्वतः घडवला की तो शरीराकडून माणसाकडे कसा सरकतो, हे यातून कळते.

३. कल, वर्तन, ओळख

कादंबरीकडे जाण्यापूर्वी तीन संज्ञा वेगळ्या करून घेऊ. लैंगिक कल म्हणजे ओढ कोणाविषयी वाटते ते. वर्तन म्हणजे प्रत्यक्षात कोणाशी संबंध आले ते. ओळख म्हणजे व्यक्ती स्वतःला काय म्हणवते ते. या तिन्ही गोष्टी एका रेषेत असतीलच असे नाही. ज्याचा कोणाशीही संबंध आलेला नाही अशा व्यक्तीलाही कल असतो. स्त्रीशी लग्न झालेला पुरुष उभयलैंगिक असू शकतो, समलैंगिक असू शकतो किंवा भिन्नलैंगिक असू शकतो. नुसत्या लग्नपत्रिकेवरून ते कळत नाही.

आल्फ्रेड किन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली अमेरिकेतील पुरुषांविषयीच्या अहवालात शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली. एका टोकाला केवळ भिन्नलैंगिक, दुसऱ्या टोकाला केवळ समलैंगिक, आणि मध्ये अनेक पायऱ्या. किन्सेंची माणसे निवडण्याची पद्धत सदोष होती अशी टीका झाली आणि ती रास्त आहे, म्हणून त्यांची टक्केवारी जशीच्या तशी घेऊ नये. पण माणसे दोन बंद पेट्यांत विभागलेली नसतात हा मुद्दा त्या टीकेने पडत नाही. फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ मध्ये आणखी पुढे जाऊन आकर्षण, वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक जवळीक, सामाजिक पसंती, जीवनशैली आणि स्वतःची ओळख असे सात घटक वेगवेगळे पाहावेत, आणि तेही भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श अशा तीन अंगांनी, अशी मांडणी केली. ‘उभयलैंगिक म्हणजे पन्नास टक्के इकडे, पन्नास टक्के तिकडे’ ही समजूत या मांडणीपुढे टिकत नाही. दोन ओढी सारख्या तीव्रतेच्या, एकाच वेळच्या किंवा एकाच प्रकारच्या असाव्यात अशी अट कुठेच नाही.

४. ‘कोबाल्ट ब्लू’ : दोन साक्षी

‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली मौज प्रकाशन गृहाने प्रकाशित केली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि २०२२ मध्ये तिच्यावरचा चित्रपट ओटीटीवर आला. चित्रपटाने कथा पुण्यातून फोर्ट कोचीला नेली. आपण येथे मूळ कादंबरीपुरते बोलू.

पुण्यातले जोशी कुटुंब. वरची खोली भाड्याने दिली जाते आणि एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. तो चित्रे काढतो. त्याला घरदार नाही, आडनाव नाही. मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि दोघांचे संबंध जुळतात. मग एके दिवशी तनयची बहीण अनुजा त्याच तरुणाबरोबर घर सोडून जाते. काही महिन्यांनी तो तिलाही सोडून नाहीसा होतो आणि ती एकटी घरी परतते. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्यात तनय त्या नाहीशा झालेल्या तरुणाला उद्देशून बोलतो. दुसऱ्यात अनुजा आपल्या वहीत लिहिते.

तनय म्हणजे मुलगा. अनुजा म्हणजे पाठची, धाकटी बहीण. दोघांची नावे ही मुळात नात्यांची नावे आहेत. कुटुंबात त्यांची जागा नावासकट ठरलेली आहे. ज्याला कोणत्याच नात्याची जागा नाही त्या माणसाला कादंबरीत नावही नाही. नाव नसलेल्या माणसाला वाचक काय म्हणणार? तो त्याला एखादे लेबल देणार. कादंबरी वाचकाला या मोहात टाकते आणि मोह पुरा होऊ देत नाही.

मोहाचा नेहमीचा आकार एका प्रश्नाचा असतो : ‘मग तो खरा कोणाचा? खरे प्रेम कोणावर होते?’ वर्गात या कादंबरीवर चर्चा झाली तर हा प्रश्न लवकरच येईल. त्याची तीन उत्तरे मिळतात. पहिले : तो मूळचा समलैंगिक, अनुजाबरोबर गेला तो समाजाच्या भीतीने. दुसरे : तो मूळचा ‘नॉर्मल’, तनयबरोबर होता ती नुसती मौज. तिसरे : त्याला स्वतःलाच काही कळत नव्हते. लहान मुलांच्या खेळात राज्य असलेला ओरडतो, ‘तळ्यात की मळ्यात?’ आणि जो चुकतो तो बाद होतो. ही तिन्ही उत्तरे त्या खेळातली आहेत. एक तळ्यात म्हणते, दुसरे मळ्यात म्हणते, तिसरे त्याला बाद करते. चौथी शक्यता, दोन्ही प्रेमे खरी असण्याची, खेळाच्या नियमांत नाही.

कादंबरीची रचना मात्र या चौथ्या शक्यतेला पाठिंबा देते. दोन्ही भागांना स्वतंत्र आवाज आहे, स्वतंत्र वजन आहे. अनुजाच्या वहीत असे काही नाही की ज्यामुळे तनयची आठवण खोटी ठरावी. तनयच्या बोलण्यात असे काही नाही की ज्यामुळे अनुजाचे प्रेम फसवे ठरावे. न्यायालयात दोन साक्षी एकमेकींना छेद देतात तेव्हा एक खोटी ठरते. इथे त्या छेद देत नाहीत. त्या फक्त एकमेकींना ठाऊक नसलेले सांगतात. दोन्ही साक्षी मान्य कराव्या लागतील असा पुरावा लेखकाने मांडला आहे. त्यातली एक नाकारायची असेल तर ती आपल्या पूर्वग्रहाच्या बळावर नाकारावी लागते.

येथे समीक्षकाने एक पथ्य पाळायला हवे. तो तरुण स्वतःला काय म्हणवत होता हे कादंबरी सांगत नाही. वरच्या तीन संज्ञांच्या भाषेत, आपल्याला त्याचे वर्तन कळते, कल काही प्रमाणात जाणवतो, ओळख कळत नाही. म्हणून ‘तो उभयलैंगिक आहे’ हे निदान म्हणून ठोकून देण्यापेक्षा ‘या कादंबरीचे सर्वात कमी ओढाताणीचे वाचन उभयलैंगिकता गृहीत धरून होते’ असे म्हणणे योग्य. पात्रावर लेबल चिकटवणे ही समीक्षा नाही. संहितेतील अधिकात अधिक गोष्टींना जागा देणारे वाचन शोधणे ही समीक्षा.

५. घरात दिसणारे आणि न दिसणारे दुःख

या कादंबरीत आणखी एक गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. अनुजा पळून गेली, हे घराला समजते. ‘मुलगी पळून गेली’ या घटनेला मराठी मध्यमवर्गीय घरात शब्द आहेत, रीत आहे, संतापाचे आणि काळजीचे ठरलेले मार्ग आहेत. ती परत आल्यावर तिच्याभोवती सगळे घर गोळा होते, मग ते प्रेमाने असो वा धाकाने. त्याच घरात तनयही त्याच माणसाला मुकला आहे. त्याचे दुःख कोणी विचारत नाही, कारण विचारण्यासाठी आधी ते दिसावे लागते. तनयने शोक करावा तर कोणाजवळ? त्याच्या नात्याला घरात नावच नव्हते, मग त्या नात्याच्या तुटण्याला कुठून असणार?

उभयलैंगिकतेचे अदृश्य होणे ते हेच. समोर स्त्री-पुरुषाची जोडी दिसली की मागचे सगळे पुसले जाते. ‘लग्न करून टाका, सरळ होईल’ हा सल्ला याच पुसण्याच्या विश्वासावर उभा आहे. लग्न हा विधी आहे. त्याने नाते सुरू होते, कल बदलत नाही. उभयलैंगिक पुरुषाने स्त्रीशी केलेले लग्न प्रामाणिक आणि सुखी असू शकते. ते लग्न झाल्याने तो भिन्नलैंगिक होत नाही, जसे त्याने पुरुषाबरोबर संसार थाटला असता तर समलैंगिक झाला नसता. आणि घरच्यांनी न विचारता उरकलेल्या लग्नात जी दुसरी व्यक्ती येते तिला अंधारात ठेवले जाते, ही जबाबदारी कलाची नाही. ती सत्य बोलू न देणाऱ्या घराची आहे.

६. ‘हा एक टप्पा असतो’

‘कॉलेजात असे वाटते, पुढे जाते’ हा गैरसमज सौम्य शब्दांत येतो म्हणून अधिक चालतो. त्याची तपासणी झाली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ७९ तरुण स्त्रियांचा १० वर्षे पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. या सगळ्या जणी स्वतःला लेस्बियन किंवा उभयलैंगिक म्हणवणाऱ्या, किंवा कोणतेच नाव न घेणाऱ्या होत्या. त्यातल्या अनेकींनी या काळात स्वतःला लावलेले नाव बदलले. पण दोन्हींविषयी वाटणारी ओढ बहुतेकींच्या बाबतीत ओसरून गेली नाही. टप्प्याच्या कल्पनेपेक्षा स्थिर कलाची कल्पना त्या माहितीशी अधिक जुळली. शिवाय १० वर्षांनंतर उभयलैंगिक म्हणवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया एकाच जोडीदाराबरोबरच्या दीर्घ नात्यात होत्या. नमुना लहान आणि एका देशातला आहे हे ध्यानात ठेवूनही, ‘टप्पा’ आणि ‘एकाशी टिकत नाहीत’ या दोन्ही समजुतींना तो चांगले उत्तर देतो.

पुरुषांच्या बाबतीत शास्त्रच एकदा चुकले. २००५ साली एका अभ्यासगटाने शारीरिक प्रतिसाद मोजून असे सुचवले की स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांत प्रत्यक्षात दोन्हींकडे प्रतिसाद आढळत नाही. त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली. २०२० साली अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पुन्हा तपासणी झाली आणि पुरुषांतही उभयलैंगिक कल असतो असा निष्कर्ष निघाला. २००५ च्या अभ्यासातील मायकेल बेली हे या नव्या अभ्यासातही होते. आपली चूक दुरुस्त होऊ देणे ही विज्ञानाची रीत आहे आणि ती इथे पाळली गेली. पण मधल्या १५ वर्षांत जी माणसे ‘आम्ही आहोत’ असे सांगत होती त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला यंत्राची परवानगी लागली, हेही विसरू नये.

‘आजार आहे’ आणि ‘पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ या दोन समजुतींचे उत्तर थोडक्यात देता येते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार लैंगिक कलाच्या आधारे उपचारात भेदभाव करता येत नाही. कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. आणि मराठीपुरते बोलायचे तर हा विषय कालपरवा आलेला नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात (१९२७–१९५३) वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्यावरून झालेल्या खटल्यात १९३४ साली कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. ते प्रश्न विचारणारे मराठी वाचक होते, आणि त्या वेळी दूरदर्शनही नव्हते.

७. ‘दोन्ही डगरींवर हात’

सर्वात चिवट गैरसमज नैतिक आहे : उभयलैंगिक माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, म्हणून अविश्वासू. ‘कोबाल्ट ब्लू’ वाचताना हा आक्षेप अधिक जोरात येतो, कारण तो तरुण खरोखरच दोघांना दुखावून निघून जातो. आक्षेपाला उत्तर देताना त्याच्या वागण्याचे समर्थन करण्याची गरज नाही. त्याने दोघांपासून दोघांची गोष्ट लपवली आणि निरोप न घेता गेला, हे वागणे दुखावणारे आहे. प्रश्न हा की ते वागणे कशातून आले असे आपण मानतो.

मराठी कथा-कादंबऱ्यांत बायकोला फसवणारे, प्रेयसीला सोडून जाणारे भिन्नलैंगिक पुरुष ढिगाने सापडतील. त्यांच्यावरून कोणी ‘भिन्नलैंगिक माणसे अविश्वासू असतात’ असे म्हणत नाही. तिथे दोष त्या व्यक्तीचा ठरतो. उभयलैंगिक पात्राच्या बाबतीत तोच दोष कलाचा ठरतो. हा दुहेरी मापदंड आहे. ओढ वाटण्याची शक्यता आणि वचन पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पुरुषाला सर्व स्त्रियांविषयी ओढ वाटू शकते त्याच्याकडून आपण एकीशी निष्ठेची अपेक्षा करतोच. तीच अपेक्षा आणि तोच विश्वास उभयलैंगिक माणसालाही लागू आहे, कमी नाही आणि जास्तही नाही.

हा अविश्वास दोन्ही बाजूंनी येतो. भिन्नलैंगिकांना वाटते, हा पुरता आपला नाही. समलैंगिकांपैकीही काहींना वाटते, हा उद्या सोयीचे लग्न करून निघून जाईल. म्हणून उभयलैंगिक माणूस अनेकदा दोन्हीकडे गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यालाच लपवाछपवी म्हटले जाते.

८. कादंबरीची मर्यादा

आता कादंबरीवरच एक आक्षेप नोंदवू. तिच्यात दोन साक्षी आहेत, तिसरी नाही. ज्याच्यावर दोघे प्रेम करतात तो स्वतः बोलत नाही. त्याला नाव नाही, घर नाही, आणि शेवटी तो नाहीसा होतो. रहस्यमय, कुठेच न थांबणारा, सर्वांना मोहवून निघून जाणारा हा उभयलैंगिक पात्रांचा एक ठरून गेलेला साचा आहे. ‘कोबाल्ट ब्लू’ त्या साच्यातून पूर्ण सुटत नाही. तनयसारखा, आईचा स्वयंपाक जेवणारा, उद्याच्या परीक्षेची चिंता करणारा साधा उभयलैंगिक मुलगा त्यात नाही.

या आक्षेपाला कादंबरीच्या बाजूने उत्तर आहे. ती प्रेमात मागे राहिलेल्यांची कादंबरी आहे आणि गेलेल्या माणसाचे मन मागे राहिलेल्यांना कधीच पूर्ण कळत नाही. कलाकृती म्हणून हे पटते. पण एका कादंबरीची कलात्मक निवड आणि एका साहित्यपरंपरेची सवय यांत फरक आहे. म्हणून मागे जाऊन पाहू.

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला नायिका करणारे ते मराठीतील धाडसी नाटक. त्याच्याविषयी बोलताना आपण सुमित्राविषयी, म्हणजे मित्राविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात नमा आहे. तिचे मित्राशीही नाते आहे आणि मन्या दळवीशीही. नमाची गोष्ट सहसा मित्राच्या गोष्टीतील विश्वासघात म्हणून वाचली जाते. नमाला मित्राविषयी काय वाटत होते, भीतीचा वाटा किती आणि ओढीचा किती, हे तिच्या तोंडून आपल्याला पुरेसे कळत नाही. गोष्ट बापू सांगतो, दुःख मित्राचे आहे, आणि नमा मधल्या जागेत राहते. १९८१ ची नमा आणि २००६ चा तो बिननावाचा तरुण यांच्यात २५ वर्षांचे अंतर आहे. दोघेही दुसऱ्यांच्या आठवणीत आहेत. ही परंपरेची सवय आहे आणि ती नोंदवणे हे समीक्षेचे काम आहे.

९. समारोप

हा पाठ देशभरच्या वर्गांत वाचला जाईल. वाचणाऱ्यांपैकी कोणी तनय असेल, कोणी अनुजा, आणि कोणी तो तिसरा, जो या कादंबरीत बोलत नाही. त्याच्या किंवा तिच्या हातात आज शब्दकोश आला तर ‘उभयलिंगी’ हा शब्द सापडेल, आणि शेजारी जास्वंदीचे फूल. आपल्याला काय वाटते हे शोधायला गेलेल्या माणसाला आपले शरीर कसे आहे असे उत्तर मिळेल. शब्द बदलल्याने सगळे बदलत नाही. पण चुकीच्या शब्दाशी झगडण्यातच माणसाची अर्धी शक्ती जाऊ नये, एवढे तरी परिभाषा करणाऱ्यांनी आणि तिची समीक्षा करणाऱ्यांनी पाहावे. आर. के. पुरममध्ये काय, मुंबईत काय, शब्द ठरवणाऱ्या टेबलाभोवती त्या शब्दाने ओळखली जाणारी माणसेही बसली पाहिजेत.

वाचकापुरता धडा याहून सोपा आहे. कोणाची गोष्ट वाचताना किंवा ऐकताना ‘मग खरे कोणते?’ असा प्रश्न ओठावर आला, तर तो विचारण्यापूर्वी थांबावे. दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात.

१०. चर्चेसाठी प्रश्न

१. ‘समलिंगी’ आणि ‘उभयलिंगी’ या शब्दांच्या घडणीतील फरक स्पष्ट करा. आपल्या मातृभाषेत बायसेक्शुअलसाठी कोणता शब्द आहे आणि तो शरीराविषयी बोलतो की नात्याविषयी, ते तपासा.

२. कल, वर्तन आणि ओळख या तीन संज्ञांच्या आधारे ‘कोबाल्ट ब्लू’मधील तनय, अनुजा आणि त्यांचा पेइंग गेस्ट यांच्याविषयी संहितेतून आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही, याची मांडणी करा.

३. ‘मित्राची गोष्ट’मधील नमा हिच्या बाजूने ही गोष्ट सांगितली तर नाटकाचा अर्थ कुठे बदलेल आणि कुठे बदलणार नाही?

४. आपण वाचलेल्या किंवा पाहिलेल्या एखाद्या कलाकृतीत व्यक्तीचा दोष तिच्या लैंगिक कलाचा दोष म्हणून दाखवला आहे का? उदाहरणासह चर्चा करा.